पीक अन्न कसें घेतें? : मुळांतील प्रोटॉन-पंप व आपला वाफसा

शेतीच्या खर्चाची यादी करावयास बसलें असतां खतांची रक्कम बहुतेक ठिकाणीं पहिल्या दोन-तीन रकमांत येते. किती गोणी आणल्या, कोणत्या भावानें आणल्या, किती एकरांत टाकल्या, हें प्रत्येक कारभारी शेतकऱ्यास तोंडपाठ असतें. परंतु त्या गोणींपैकीं पिकाच्या पोटांत काय गेलें, आणि जें गेलें तें कोणत्या वाटेनें गेलें, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं. खत मातींत पडलें, पाणी दिलें, म्हणजे पाण्याबरोबर तें मुळांत शिरलें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. दिव्याची वात जशी तेल ओढते तसें मूळ खताचें पाणी ओढीत असेल, असें आपणांस वाटतें. ही समजूत अपुरी आहे आणि पैशाच्या दृष्टीनें महाग पडणारी आहे. मूळ श्रम करून, स्वतःजवळची साखर जाळून, अन्न आंत घेतें. हे श्रम करणारें जें मुख्य यंत्र मुळांच्या जिवंत पेशींत आहे, त्यास शास्त्रज्ञ प्रोटॉन-पंप असें म्हणतात. त्याची ओळख करून देणें आणि त्या ओळखीचा शेतावर उपयोग काय तें सांगणें, हा ह्या लेखाचा हेतु आहे.

मूळ वातीसारखें नाहीं, हें कशावरून?

पालाशाचें उदाहरण घेऊं. जमिनींतील ओलाव्यांत विरघळलेला पालाश अगदीं थोडा असतो. मुळाच्या पेशींत मात्र तो त्याच्या शेंकडों पट सांपडतो. वातीनें ओढलेलें तेल दिव्यांतील तेलापेक्षां दाट होत नाहीं. मग मुळांतील पालाश इतका दाट कसा झाला? दुसरें असें कीं, खारवट जमिनींत सोडियम पुष्कळ असला तरी निरोगी मूळ त्यांतला बराचसा बाहेर ठेवतें किंवा आंत आलेला पुनः बाहेर घालवितें. म्हणजे मूळ निवड करतें, आणि दाटीच्या विरुद्ध दिशेनेंही माल वाहतें. उताराच्या विरुद्ध माल चढविणें हें काम फुकट होत नाहीं. त्यास शक्ति लागते.

पेशी व तिचें पटल

वनस्पतीचें शरीर लहान लहान पेशींचें बनलेलें आहे. प्रत्येक पेशीभोवतीं बाहेरून एक कणखर भिंत असते आणि तिच्या आंतल्या बाजूस लागून एक अत्यंत पातळ, स्निग्ध पटल असतें. एका मिलिमीटरचे सव्वा लाख सारखे भाग करावे, त्यांतील एका भागाएवढी ह्या पटलाची जाडी भरेल. बाहेरची भिंत ही कुडाच्या भिंतीसारखी आहे. तिच्या फटींतून पाणी व क्षार सहज ये-जा करतात. खरा बंदोबस्त आंतील पटलाचा आहे. तें तेलकट असल्यामुळें पाण्यांत विरघळलेले विद्युद्भारित क्षार त्यांतून आपोआप पार होऊं शकत नाहींत. त्यांच्याकरितां पटलांत प्रथिनांचे निरनिराळे दरवाजे बसविलेले असतात. नायट्रेटचा दरवाजा वेगळा, स्फुरदाचा वेगळा, पालाशाचा वेगळा. परंतु दरवाजा असला म्हणजे माल आंत येतोच असें नाहीं. त्यास आंत लोटणारें बळ पाहिजे, आणि तें बळ प्रोटॉन-पंप निर्माण करतो.

प्रोटॉन म्हणजे काय व पंप काय करतो?

हायड्रोजनच्या अणूंतून त्याचा एकुलता एक इलेक्ट्रॉन काढून घेतला म्हणजे जो धनभारित कण उरतो तो प्रोटॉन होय. लिंबाचा, चिंचेचा किंवा ताकाचा जो आंबटपणा, तो ह्याच कणांचा. ज्या द्रावणांत हे कण अधिक तें आम्ल, ज्यांत कमी तें विम्ल. माती-परीक्षणाच्या पत्रिकेवर जो ‘सामू’ लिहिलेला असतो तो ह्यांचाच हिशेब आहे. सामू एकानें उतरला म्हणजे प्रोटॉन दहा पट झाले, असा त्याचा नियम आहे.

पेशीच्या पटलांत बसलेला हा पंप पेशीच्या आंतील प्रोटॉन उचलून बाहेर टाकीत असतो. त्यामुळें दोन गोष्टी घडतात. पहिली ही कीं, पेशीच्या आंतील जीवद्रव्याचा सामू सातच्या किंचित् वर राहतो आणि बाहेर भिंतीच्या ओलाव्यांत तो साडेपांचाच्या आसपास येतो. म्हणजे बाहेर प्रोटॉनांची दाटी आंतल्यापेक्षां सुमारें पन्नास पट होते. दुसरी ही कीं, धनभार सतत बाहेर गेल्यामुळें पेशीची आंतील बाजू ऋण होते. हा विजेचा दाब साधारणतः १२० ते २०० मिलिव्होल्ट भरतो. म्हणजे हातबत्तीच्या एका सेलच्या सुमारें दहाव्या हिश्शाएवढा. आंकडा लहान दिसतो, पण तो केवढ्या पातळ पटलावर आहे हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्याचा जोर कळून येईल.

आपल्या वडिलांच्या पिढीपर्यंत विहिरीवर मोट चालत असे. बैल मोट ओढीत, मोटेचें पाणी थारोळ्यांत पडे, आणि तेथून पुढें तें पाटाच्या उतारानें आपण होऊन शेतांत जाई. श्रम काय ते पाणी वर चढविण्याचे. पुढचें काम उतार करी. पेशीचा कारभार अगदीं असाच आहे. पंप प्रोटॉन वर चढवून बाहेर ठेवतो. बाहेर दाटी व आंत ऋणभार असल्यामुळें ते पुनः आंत येण्यास उत्सुक असतात. परंतु त्यांना आंत येण्याच्या ज्या वाटा आहेत, त्यांतील कित्येक वाटांवर असा नियम आहे कीं, प्रोटॉननें एकट्यानें यावयाचें नाहीं. नायट्रेटचा, स्फुरदाचा किंवा साखरेचा कण बरोबर घेऊनच यावयाचें. छत्रपति संभाजीनगर येथील जुन्या पाणचक्कीत उंचावरून पडणाऱ्या पाण्यानें जसें जातें फिरे, तसा खालीं उतरणारा प्रोटॉन आपल्याबरोबर पिकाचें अन्न आंत ओढून आणतो.

हें कसें कळलें?

मुळांतून आंबट कांहीं तरी बाहेर पडतें, ही गोष्ट जुनी आहे. जर्मनीतील वनस्पतिशास्त्रज्ञ ज्यूलिअस साक्स ह्यानें १८६० च्या सुमारास गुळगुळीत संगमरवराच्या फरशीवर मातीचा थर देऊन त्यांत झाडें वाढविलीं. कांहीं काळानें फरशी धुऊन पाहतां मुळांच्या जाळ्याची नक्षी दगडावर कोरलेली आढळली. त्यांत मुळांच्या श्वासानें निर्माण होणाऱ्या कार्बन डाय ऑक्साइडचाही वांटा होता. परंतु मुळें दगड झिजवितात एवढें त्यावरून सर्वांस दिसलें.

पुढें १९२९ सालीं कार्ल लोमान ह्यानें जर्मनींत, आणि फिस्के व आपले आंध्र प्रांतीचे येल्लाप्रगड सुब्बाराव ह्यांनीं अमेरिकेंत, एटीपी नांवाच्या द्रव्याचा शोध लावला. अन्न जाळून जी शक्ति मिळते ती पेशी ह्या द्रव्याच्या रूपानें जवळ ठेवते. पेशीच्या बाजारांत हेंच चलनी नाणें होय. १९६१ सालीं इंग्लंडचे पीटर मिचेल ह्यांनीं असा सिद्धान्त मांडला कीं, जीवांच्या पटलांवर प्रोटॉनांचा दाब हीच शक्तीची मधली पुंजी आहे. प्रथम पुष्कळांनीं तो मानला नाहीं. परंतु १९७८ सालीं त्यांस त्याच कार्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें. १९७० नंतरच्या वर्षांत अमेरिकेतील टी. के. हॉजेस व त्यांचे सहकारी ह्यांनीं ओटच्या मुळांतून पेशींचीं बाह्य पटलें निराळीं काढून त्यांतील एटीपी खर्च करणाऱ्या प्रथिनाचा अभ्यास केला. २००७ सालीं डेन्मार्कमधील शास्त्रज्ञांनीं ह्या पंपाची घडण क्ष-किरणांच्या साहाय्यानें पाहिली. ह्या प्रथिनास एक शेपटी असते आणि ती दाराच्या अडसरासारखी काम करते. गरज नसेल तेव्हां ती पंपास अडवून धरते, गरज पडली म्हणजे बाजूस होते.

एका प्रोटॉनचा जमाखर्च

आमचें आयुष्य महसूल खात्यांत जमाखर्च लिहिण्यांत गेलें, म्हणून पुढील गोष्ट हिशेबाच्या भाषेंतच सांगतों. हा पंप एक प्रोटॉन बाहेर टाकण्यास एक एटीपी खर्च करतो. नायट्रेटचा कण स्वतः ऋण आहे आणि पेशीची आंतील बाजूही ऋण; म्हणून त्यास आंत आणण्यास सामान्यतः दोन प्रोटॉन लागतात. म्हणजे नायट्रेटच्या एका कणास दोन एटीपी खर्चीं पडले. आतां जमेची बाजू पाहूं. मुळास भरपूर प्राणवायु मिळत असेल तर ग्लुकोज साखरेचा एक कण जाळून सुमारें ३० एटीपी मिळतात. प्राणवायु नसेल तर त्याच कणापासून अवघे २ मिळतात. इतर सर्व खर्च बाजूस ठेवला तरी, हवेशीर जमिनींत साखरेच्या एका कणावर नायट्रेटचे पंधरा कण आंत येतील, आणि कोंदट जमिनींत जेमतेम एक. पीक तेंच, खत तेंच, साखर तीच; फरक केवळ हवेचा. पेशीच्या एकूण एटीपीपैकीं पाव ते निम्मा भाग हा पंप खातो असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. एवढ्या मोठ्या खर्चाच्या खात्याकडे दुर्लक्ष करून कोणताही कारभार चालणार नाहीं.

पंपाचीं इतर कामें

हा पंप केवळ मुळांत असतो असें नाहीं. तो झाडाच्या सर्वच जिवंत भागांत निरनिराळीं कामें करतो. त्यांपैकीं मुख्य तीं थोडक्यांत देतों.

(१) वाढ. कोवळ्या कोंबाची पेशी लांबण्यासाठीं तिची भिंत सैल व्हावी लागते. पंपानें प्रोटॉन बाहेर टाकले म्हणजे भिंतींतील ओलावा आंबट होतो आणि त्या आंबटपणांत एक्स्पान्सिन नांवाचीं प्रथिनें भिंतीचे धागे सैल करतात. मग आंतील पाण्याच्या दाबानें पेशी ताणली जाते. हीं प्रथिनें १९९२ सालीं काकडीच्या रोपांतून प्रथम ओळखलीं गेलीं.

(२) पानांचा श्वास. पानाच्या पृष्ठभागावर सूक्ष्म रंध्रें असतात व प्रत्येक रंध्राच्या दोन बाजूंस दोन रक्षक पेशी असतात. सकाळीं प्रकाशांतील निळा किरण पडला कीं त्यांतील प्रोटॉन-पंप सुरू होतो, पेशीची आंतील बाजू अधिक ऋण होते, पालाश आंत शिरतो, त्यामागोमाग पाणी शिरतें, पेशी फुगतात व रंध्र उघडतें. पालाशाची कमतरता असलेल्या पिकाचा पाण्याचा कारभार बिघडतो, त्याचें एक कारण येथें आहे. हा पंप बेसुमार चालला तर काय होतें तें बदाम व पीच ह्या झाडांच्या एका रोगावरून कळतें. त्या रोगाच्या बुरशीपासून इटलींतील शास्त्रज्ञांनीं १९६४ सालीं फ्युसिकॉक्सिन नांवाचें विष वेगळें केलें. तें पंपाचा अडसर कायमचा दूर करतें; रंध्रें उघडीं तीं उघडींच राहतात, आणि झाड पाणी गमावून सुकतें.

(३) साखरेची वाहतूक. पुष्कळ पिकांत पानांत तयार झालेली साखर शिरांतील वाहिन्यांत भरण्याचें कामही प्रोटॉनच्या सोबतीनेंच होतें. ती तेथून कणसांत, शेंगांत व परत मुळांत जाते. म्हणजे मुळाच्या पंपास लागणारें जळणही पानांतील पंपाच्या मदतीनेंच येतें. पानें करपलीं किंवा किडीनें खाल्लीं तर मुळें उपाशी राहतात, तें ह्यामुळें.

(४) सांठवण. पेशीच्या मध्यभागीं रिक्तिका नांवाची एक मोठी पिशवी असते. तिच्या पटलावरही प्रोटॉन-पंप आहेत, मात्र ते निराळ्या घडणीचे. ते प्रोटॉन पिशवींत भरतात व त्या दाबावर पिशवींत क्षार व आम्लें सांठविलीं जातात. लिंबाच्या रसाचा सामू दोन-अडीचच्या घरांत असतो तो ह्याच सांठवणीनें. २०१९ सालीं नेदरलँड्समधील शास्त्रज्ञांनीं दाखविलें कीं, आंबट लिंबांत रिक्तिकेचे विशेष जोरदार पंप चालतात आणि गोड्या जातींत ते मंदावलेले असतात.

पंप बंद केव्हां पडतो? वाफशाचें मर्म

आतां आपल्या शेताकडे येऊं. आपल्या भाषेंत वाफसा हा एक फार मोलाचा शब्द आहे. माती ओली आहे पण चिखल नाहीं, मुठींत दाबली तर गोळा होतो पण टाकला तर फुटतो, अशा स्थितीस आपण वाफसा म्हणतों. मातीच्या कणांमधील पोकळींत कांहीं भाग पाणी व कांहीं भाग हवा, असा तो समतोल होय. आपल्या पूर्वजांनीं हा शब्द बनविला तेव्हां त्यांस प्रोटॉन ठाऊक नव्हता. परंतु मुळांचा पंप ज्या स्थितींत उत्तम चालतो तीच स्थिति त्यांनीं अनुभवानें नेमकी ओळखली होती.

पाण्यांतून प्राणवायु पसरण्याचा वेग हवेंतल्यापेक्षां सुमारें दहा हजार पट कमी असतो. म्हणून शेतांत पाणी तुंबलें कीं मुळांनीं व मातींतील जंतूंनीं असलेला प्राणवायु उष्ण दिवसांत एक-दोन दिवसांतच संपून जातो. एटीपीची आवक घटते. पंप मंदावतो. पेशीच्या आंत आम्ल सांचूं लागतें.

अतिवृष्टीनंतर पिकांच्या नुकसानीचे पंचनामे लिहिण्याचें काम आमच्याकडे अनेक वर्षें असे. घोटाभर पाण्यांत उभी असलेली तूर माना टाकून कोमेजलेली आम्हीं पुष्कळ ठिकाणीं पाहिली. मर रोग नसतांही असें होई, आणि पाण्यांत उभें राहून पीक तहानेनें कां सुकावें, ह्याचा उलगडा तेथें कोणासच होत नसे. तो उलगडा २००३ सालीं फ्रान्समधील माँपेलिए येथील संशोधनानें झाला आहे. पेशींच्या पटलांत पाणी आंत घेण्याच्या ज्या सूक्ष्म वाटा आहेत, त्या पेशीच्या आंतील आम्लता वाढतांच मिटतात. प्राणवायु संपला, आंतील आम्ल वाढलें, पाण्याच्या वाटा मिटल्या. आणि सभोंवार पाणी असूनही झाड तहानलेलें राहिलें.

अशा वेळीं पीक पिवळें दिसतें व आपण युरियाची गोणी आणून टाकतों. विचार करा, जेवणाऱ्याचा हातच लुळा पडला असतां ताटांत आणखी वाढून काय उपयोग? उलट, प्राणवायु नसलेल्या मातींत जंतु नायट्रेटचें वायूंत रूपांतर करतात व तो नत्र हवेंत उडून जातो. म्हणून क्रम असा ठेवावा : आधीं चर काढून पाणी बाहेर घालवावें, वाफसा येऊं द्यावा, शक्य तेथें हलकी कोळपणी करून वरची पापडी फोडावी, पांढऱ्या नवीन मुळ्या दिसूं लागल्या म्हणजे मग वरखताची मात्रा द्यावी, आणि तीही थोडी थोडी करून. भारी काळ्या जमिनींत पेरणी रुंद वरंब्यावर करावी. बांधाच्या कडेचे चर पावसाळ्यापूर्वीं साफ करावे. ह्या कामांस गोणीचा खर्च नाहीं, केवळ मजुरीचा आहे.

भाताचें काय, असें कोणी विचारील. भाताच्या खोडांत व मुळांत हवेच्या पोकळ नळ्या असतात व त्यांतून पानांकडील प्राणवायु मुळांपर्यंत पोंचतो. कापूस, तूर, हरभरा ह्यांना ती सोय नाहीं. म्हणून भाताच्या पाण्याचा नियम त्यांना लावतां येत नाहीं.

चुनखडीची जमीन व पिवळा भुईमूग

चुनखडीच्या जमिनींत भुईमुगाचीं कोवळीं पानें पिवळीं पडतात व शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हें लोहाच्या कमतरतेचें लक्षण होय. वास्तविक अशा जमिनींत लोह भरपूर असतें. परंतु तें न विरघळणाऱ्या रूपांत असतें. सामू एकानें वाढला कीं विरघळणारें लोह सुमारें हजार पटीनें घटतें. भुईमूग, सोयाबीन, हरभरा ह्यांसारखीं द्विदल पिकें लोह कमी पडूं लागलें म्हणजे मुळांतील प्रोटॉन-पंप जोरानें चालवून मुळाभोंवतीं आम्लता निर्माण करतात व लोह विरघळवून घेतात. परंतु चुनखडींतून सुटणारें बायकार्बोनेट त्या आम्लास तेथल्या तेथें मारून टाकतें. पंप एटीपी खर्च करीत राहतो आणि हातीं कांहीं लागत नाहीं. त्यांत पाणी जास्त झालें तर बायकार्बोनेट आणखी वाढतें. म्हणून पावसाच्या झडीनंतर भुईमूग अधिक पिवळा दिसतो.

ज्वारी, मका, ऊस हीं गवत वर्गांतील पिकें दुसरी युक्ति करतात. त्यांचीं मुळें लोहास धरून आणणारें एक द्रव्य बाहेर सोडतात. २००० सालीं चिनी शास्त्रज्ञांनीं असें प्रसिद्ध केलें कीं, चुनखडीच्या जमिनींत भुईमुगाबरोबर मका आंतरपीक म्हणून घेतला असतां भुईमुगाच्या लोहाची स्थिति सुधारते. शेजाऱ्यानें काढलेल्या पाण्यावर आपलेंही वाफें भिजावें, तसा हा प्रकार आहे. पिवळेपणा दिसतांच करावयाचा नेहमींचा उपाय म्हणजे हिराकशीच्या अर्ध्या टक्क्याच्या द्रावणाची पानांवर फवारणी. जमिनींत द्यावयाची असल्यास हिराकस कुजलेल्या शेणखतांत मुरवून द्यावी. नुसती टाकल्यास तिचें लोह लवकरच निकामी होतें.

खारवट व चोपण जमीन

कालव्याच्या पाण्याखालील कित्येक काळ्या जमिनी अतिपाण्यानें खारावल्या, हें वाचकांस ठाऊक आहे. तेथें सोडियम पेशींत घुसूं पाहतो. त्यास बाहेर हांकलण्याचें किंवा रिक्तिकेंत कोंडण्याचें काम प्रोटॉनच्या बदलींत होतें. एक प्रोटॉन आंत येतो आणि एक सोडियम बाहेर जातो. म्हणजे जो पंप अन्न मिळविण्यास राबावयाचा, तो पहारेकऱ्याच्या कामास जुंपला जातो. चोपण जमिनींत मातीचे कण फुटून छिद्रें बुजतात, हवा कोंडते, आणि त्याच वेळीं पंपावरचें काम दुप्पट होतें. म्हणून अशा जमिनीस पहिला उपाय निचऱ्याचा, दुसरा माती-परीक्षणाप्रमाणें जिप्समचा, आणि तिसरा हिरवळीच्या खताचा. निचऱ्यावांचून पुढचे दोन व्यर्थ जातात.

नत्राचें रूप व मुळाजवळचा सामू

नत्र दोन रूपांनीं मुळांत जातो, अमोनियम व नायट्रेट. अमोनियम हा धनभारित आहे. तो आंत घेतला म्हणजे हिशेब जुळविण्यासाठीं मूळ प्रोटॉन बाहेर टाकतें व मुळालगतची माती आंबट होते. नायट्रेट घेतला तर उलट होतें. म्हणून विम्ल काळ्या जमिनींत अमोनियम सल्फेटसारख्या खतानें मुळाजवळ स्फुरद, लोह व जस्त थोडें सुलभ होतें. हवेशीर जमिनींत जंतु कांहीं आठवड्यांत अमोनियमचें नायट्रेट करून टाकतात. ह्यासाठींही एकदम मोठी मात्रा देण्यापेक्षां विभागून देणें बरें.

हा प्रकार डोळ्यांनीं पाहावयाचा असल्यास साक्सचा प्रयोग घरींही करतां येतो. गुळगुळीत संगमरवराचा एक तुकडा कुंडींत तिरपा ठेवावा, वर बारीक वाळूचा थर द्यावा, त्यांत मूग किंवा हरभरा पेरावा, आणि मुळें दगडावरून पसरल्यावर कांहीं आठवड्यांनीं तो धुऊन उजेडांत तिरका धरावा. मुलांस शेतकी शिकविण्यास ह्यासारखें साधन स्वस्तांत मिळावयाचें नाहीं.

नवें संशोधन व एक सावधगिरी

२००२ सालीं ब्राझीलमधील संशोधकांनीं गांडूळखतांतील ह्यूमिक आम्ल मक्याच्या रोपांस दिलें, तेव्हां मुळें लांबलीं, त्यांस फांटे अधिक फुटले व त्यांतील प्रोटॉन-पंपाचें कामही वाढलें. २०२१ सालीं जपानमधील नागोया व चीनमधील नानजिंग येथील शास्त्रज्ञांनीं भाताच्या झाडांत ह्या पंपाचें प्रमाण वाढविलें. मुळांनीं नत्र अधिक घेतला, पानांचीं रंध्रें अधिक उघडलीं, आणि शेतावरील चाचण्यांत धान्याचें उत्पन्न ३० टक्क्यांहून अधिक वाढल्याचें त्यांनीं प्रसिद्ध केलें. हें प्रयोगाचें वाण आहे, दुकानांतलें बियाणें नव्हे. तथापि एका पंपावर पिकाचें किती अवलंबून आहे, हें त्यावरून दिसतें.

अशा बातम्यांच्या आधारें ‘मुळी चालविणारीं’ औषधें आकर्षक बाटल्यांतून विकावयास येतात. त्यांतील कांहीं उपयोगी असतील, कांहीं नसतील. घेणाऱ्यानें प्रथम स्वतःस तीन प्रश्न विचारावे : माझ्या मुळांस हवा मिळते काय? पानें निरोगी राहून मुळांस साखर पोंचते काय? मुळाभोंवतीं चुना किंवा क्षार पंपाचें काम वांयां घालवीत आहेत काय? ह्या तिहींचीं उत्तरें समाधानकारक असतील तरच बाटलीचा विचार करावा, आणि तोही आधीं दोन ओळींवर टाकून, शेजारच्या दोन ओळी मोकळ्या ठेवून. दोहोंतला फरक मोजून मग पैसे खर्चावे.

सारांश

मुळाचा पंप साखरेवर चालतो, प्राणवायूवर चालतो, आणि त्यानें चढविलेल्या प्रोटॉनांच्या दाबावर पिकाचें अन्न आंत येतें. विजेची मोटर बसविली पण वीजच नाहीं, तर विहीर तुडुंब असूनही शेत कोरडें राहतें, हा अनुभव आपणां सर्वांस आहे. मुळाचेंही तसेंच आहे. जमिनींत खत असणें ही विहीर भरलेली असण्यासारखी गोष्ट आहे. तें पिकास मिळणें पंप चालण्यावर आहे. म्हणून ह्या हंगामांत खताच्या गोणीस हात घालण्यापूर्वीं प्रत्येकानें आपल्या शेतांत एक वीतभर खड्डा खणून पाहावा. मुळ्या पांढऱ्या व टवटवीत असतील आणि मातीस चांगला वास असेल, तर खुशाल खत द्यावें. मुळ्या तपकिरी, मऊ पडलेल्या असतील आणि मातीस कुजका वास येत असेल, तर गोणी तशीच झाकून ठेवावी आणि कुदळ घेऊन चर काढावयास लागावें.